चार शब्द, पण आपले!

सदर : चला, बोलू या

बालमित्रांनो,

१ ऑगस्ट आला की आपल्या सगळ्या शाळांमधून एकच भाषण ऐकू येतं. टेबलावर हार घातलेले दोन फोटो असतात. समोर पट्ट्यांवर मांडी घालून मुलं बसलेली असतात. एकेक वक्ता उठतो, हात मागं बांधतो, छताच्या पंख्याकडं बघतो आणि एका दमात सुरू करतो : "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आज तुम्हाला लोकमान्य टिळकांविषयी चार शब्द सांगणार आहे. ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." मग वर्गातल्या शेंगा येतात, टरफलं येतात, आणि "एवढे बोलून मी माझे चार शब्द संपवतो" म्हणत वक्ता जवळजवळ पळतच जागेवर जाऊन बसतो. दुसरा उठतो, त्याच्याही भाषणात शेंगा आणि टरफलं. पाचव्या वक्त्यापर्यंत मागच्या रांगेत चिमटे काढणं सुरू झालेलं असतं!

हसू आलं ना? मलाही येतं. पण हसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा बरं. "माझे चार शब्द" असं आपण म्हणतो खरं. पण त्यातले आपले किती असतात? काही भाषणांच्या पुस्तकातले असतात, काही ताईनं लिहून दिलेले, आणि हल्ली तर बरेचसे मोबाईलवरून उतरवून घेतलेले. एकाच शाळेतल्या तिघांनी एकच भाषण पाठ करून आणलंय, असंही घडतं. मग दुसऱ्याचा चेहरा रडवेला होतो, कारण त्याच्याजवळ बोलायला काही उरतच नाही.

म्हणून आज आपण बघू या, आपले चार शब्द कसे शोधायचे, कसे मांडायचे आणि न घाबरता लोकांपुढं कसे बोलायचे. कप मिळवणं ही त्यातली अगदी छोटी गोष्ट आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. दवाखान्यात आईला काय होतंय ते डॉक्टरांना सांगायचं असेल, बँकेत काम अडलं असेल, ग्रामसभेत "आमच्या वस्तीवर पाणी येत नाही" म्हणून उठून बोलायचं असेल. तिथं पाठ केलेलं भाषण उपयोगी पडत नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याचं काम मागं राहतं, आणि पुष्कळदा त्याच्या वतीनं दुसराच कुणीतरी भलतंच बोलून जातो.

भीती कुणाला वाटत नाही?

पहिली अडचण भीतीची. नाव पुकारलं की पाय लटपटतात, छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम येतो. का होतं असं? आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट आलंय असं मेंदूला वाटलं की त्या रक्तात एक रस सोडतात. त्याचं नाव ॲड्रेनलिन. त्यामुळं हृदय जोरात रक्त ढकलतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. कुत्रं मागं लागल्यावर पळायला हीच शक्ती कामी येते. समोर बसलेली मुलं काही कुत्रं नव्हेत. पण शरीराला ते कुठं कळतं? ते बिचारं तुम्हाला मदत करायलाच धावून आलेलं असतं. म्हणून धडधडलं तर "मी भित्रा आहे" असं म्हणू नका. "माझं शरीर तयार झालंय" असं म्हणा.

आणि ही धडधड भल्याभल्यांना चुकलेली नाही. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं, हे तुम्हाला पाठ आहे. पण त्या दिवशी सकाळी त्यांचं नाव घेतलं, तेव्हा ते उठलेच नाहीत. माझी वेळ नंतर, नंतर, असं करत त्यांनी दुपार केली. पुढं मद्रासच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच सांगितलंय, की काळीज धडधडत होतं आणि जीभ जवळजवळ सुकून गेली होती. अखेर उठले, बोलले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

महात्मा गांधींचं तर याहून अवघड. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिला खटला चालवायला उभे राहिले. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे होते. डोकं गरगरू लागलं, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडं द्यायला सांगितलं आणि घेतलेली फी परत केली. ही हकिगत त्यांनी आत्मचरित्रात काही न लपवता लिहिली आहे. याच माणसाच्या शब्दावर पुढं लाखो लोक रस्त्यावर आले. आपल्या लाजरेपणाचा एक फायदाही त्यांनी सांगितलाय : त्यामुळं कमी शब्दांत बोलायची सवय लागली.

भीती कमी करायचा एक सोपा उपाय सांगते. आपला नंबर यायच्या आधी बसल्या जागी नाकानं हळूहळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. मग सहापर्यंत मोजत सोडा. असं पाच वेळा करा. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की धडधड आपोआप उतरते. आणि पहिली दोन वाक्यं मात्र अशी पक्की करा, की झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत. गाडी एकदा हलली की पुढं जातेच.

सांगायचं काय?

आता महत्त्वाचा भाग. पुष्कळ मुलं भाषण म्हणजे माहितीची यादी समजतात. जन्म, जन्मगाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, मृत्यू. ही यादी तर फळ्यावरही लिहिता येते. मग तुम्ही कशाला उभं राहायचं?

यादी करू नका, एक खिडकी उघडा. सगळे टिळक तीन मिनिटांत सांगता येणार नाहीत, पण मंडालेची एक खोली सांगता येईल. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तिथं त्यांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहिलं. ते तुरुंगात असतानाच १९१२ साली इकडं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. शेवटची भेटही झाली नाही. एवढंच डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःला विचारा : सहा वर्षं घरापासून इतक्या लांब राहायची पाळी माझ्यावर आली असती, तर मी काय केलं असतं? तुमचं जे उत्तर येईल ना, तो तुमचा स्वतःचा शब्द. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही.

त्याच दिवशी आपण अण्णा भाऊ साठे यांची जयंती साजरी करतो. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. वाटेगावहून आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. असा माणूस पुढं 'फकिरा' कादंबरी लिहितो, १९६१ साली रशियाला जाऊन येतो. आता तुम्हीच सांगा, पायी चालत पोट भरायला निघालेली कुटुंबं आपल्या माळशिरस तालुक्यातल्या मुलांनी पाहिलेली नाहीत का? कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ती आपल्याच शिवारात येऊन उतरतात. मग अण्णा भाऊंवर बोलताना त्यांची आठवण का येऊ नये?

यावरून एक गोष्ट सांगते. एका हंगामात आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराची एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिनं नाव-गाव सांगितलं आणि तिच्या बोलण्याच्या ढंगाला कुणीतरी फिसकन हसलं. झालं! पुढं पंधरा दिवस ती गप्पच. हजेरीला नुसता हात वर करायची. एका शनिवारी सगळ्यांना विषय दिला : 'माझी सकाळ'. लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, आज सकाळी काय झालं तेवढंच सांगायचं. तिची पाळी आली. ती उठली. कोपीतून अंधारात बाहेर पडायचं, बैलांना वाढं टाकायचं, आईबापू फडात गेले की धाकट्याला मांडीवर घेऊन बसायचं, तो झोपला की दप्तर उचलून शाळेत यायचं, आणि शाळेत असताना मन तिकडंच, तो उठला असेल का म्हणून. दीड मिनिटसुद्धा झालं नसेल. वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. मग पहिला प्रश्न विचारला तो हसणाऱ्या मुलानंच : "मग आत्ता त्याच्यापाशी कोण हाय?"

तिच्या भाषणात एक सुविचार नव्हता, एक म्हण नव्हती. पण जे सांगितलं ते तिनं पाहिलेलं आणि सोसलेलं होतं. म्हणून ते सगळ्यांच्या काळजात गेलं.

हे आजचंच आहे असं नाही. १८५५ साली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी नाही म्हटलं तरी त्याच्या आसपास, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वय तुमच्याएवढंच. आपल्या लोकांना काय भोगावं लागतं, ते तिनं न भिता विचारलं. मोठमोठ्या विद्वानांचे लेख लोक विसरले. शाळकरी मुक्ताचा निबंध आजही वाचला जातो. कारण ते शब्द तिचे स्वतःचे होते.

सुरुवात, मधला भाग आणि शेवट

भाषणाला घरासारखा दरवाजा असावा. दरवाजातच वीस जणांची नावं घेत बसलात, तर पाहुणा आत येणार कधी? "अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो" एवढं नमस्कारापुरतं पुरे. लगेच पहिलं वाक्य असं टाका की मागच्या रांगेतला चिमटा काढणाराही मान वर करील. उदाहरण देते :

"१ ऑगस्ट १९२०. मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी शेवटचा श्वास घेतला. आणि तोच दिवस, जेव्हा वाटेगावातल्या एका गरीब घरात एका बाळानं पहिला श्वास घेतला. ते बाळ म्हणजे अण्णा भाऊ साठे."

बघा, दोन फोटो शेजारी-शेजारी का ठेवलेत ते एका क्षणात कळलं. इथं काही नवीन बनवलेलं नाही. खरीच माहिती आहे, फक्त नीट जागी ठेवली आहे.

मधल्या भागात फार तर तीन मुद्दे घ्या. तीनापेक्षा जास्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाहीत, आणि आपल्याही नाही. प्रत्येक मुद्द्याला एक प्रसंग किंवा एक उदाहरण जोडा. "ते फार धाडसी होते" असं म्हणून सोडू नका. काय केलं ते सांगा, धाडस लोकांना आपोआप दिसेल.

शेवट करताना पहिल्या मुद्द्याची आठवण द्या किंवा ऐकणाऱ्यांना एखादं काम सांगा, आणि थांबा. थांबणं हीसुद्धा कला आहे बरं का! अमेरिकेत १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग इथं युद्धात मेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समारंभ होता. एडवर्ड एव्हरेट हे त्या काळातले नामांकित वक्ते तिथं जवळजवळ दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उठले. ते बोलले उण्यापुऱ्या पावणेतीनशे शब्दांत, दोन-तीन मिनिटं. आज जगभरातल्या शाळांतून मुलं अभ्यासतात ते लिंकनचं भाषण. तेव्हा स्पर्धेत तीन मिनिटं दिली असतील, तर "वेळ फारच कमी आहे" म्हणून कुरकुरू नका. लिंकनला तेवढी पुरली होती!

आपल्याच तालुक्यातला एक गुरू

गोष्ट सांगून माणसं कशी बांधून ठेवावीत, हे शिकायचं तर फार लांब जायला नको. कथाकार द. मा. मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी अकलूजचा. शिक्षण अकलूज, पंढरपूर आणि मग पुणे. पेशानं शिक्षक, पुढं मराठीचे प्राध्यापक. १९९८ साली परळी वैजनाथला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २ ऑक्टोबर २०२१ रोजी ते वारले. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. विचार करा, ना पडदा, ना रंगीत दिवे, ना ढोलकी. साध्या कपड्यांतला एक माणूस माईकपुढं उभा राहतो, आणि मांडव भरून बसलेली माणसं पोट धरधरून हसतात. त्यांच्याजवळ होतं काय? एक गोष्ट आणि एक आवाज. बस्स!

त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती मोठ्यांनी घरात जपल्या असतील, मोबाईलवरही ऐकायला मिळतात. पण नुसतं हसत ऐकू नका. गंमतीची ओळ यायच्या आधी आवाज कसा बदलतो, कुठं थांबायचं, पोलीस पाटील बोलतो तेव्हा सूर कसा आणि शाळेतलं पोरगं बोलतं तेव्हा कसा, याकडं कान द्या. मग लक्षात येईल की सगळं एकाच पट्टीत म्हणणं म्हणजे पाढे म्हणणं. आणि चढ-उतार ठेवून सांगणं म्हणजे बोलणं.

थांबण्याची ताकद तर आपण दरवर्षी आपल्या गावात पाहतो. आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, मुक्काम करते आणि पुढं वेळापूरला जाते. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. हजारो वारकरी, टाळ-मृदंगांचा गजर. आणि चोपदार हातातला दंड वर करतात. सगळा तळ एकदम शांत! त्यातही ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. थोडक्या शब्दांत, सगळ्यांना कळेल असं.

यातून वक्त्यानं दोन गोष्टी शिकाव्यात. एक, आधी शांतता, मग शब्द. माईकपुढं गेल्या-गेल्या भडाभडा सुरू करू नका. उभे राहा, सगळ्यांकडं एकदा बघा, मनात तीन मोजा. तुम्ही थांबलात की समोरचेही थांबतात. दोन, ज्याचं म्हणणं राहिलंय त्याचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं पुढं रेटू नये.

लोकांना बोलण्यात ओढून कसं घ्यावं, ते संत गाडगेबाबांकडून शिकावं. ते कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि समोर बसलेली माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. प्रश्नोत्तरांतूनच कर्ज, दारू, अस्वच्छता, पशुहत्या यांबद्दल लोक स्वतःच्या तोंडानं कबुली देत. तुम्हीही भाषणात एखादा खरा प्रश्न विचारून क्षणभर थांबून बघा.

आपली बोली, आपले उच्चार

"बाई, माझी भाषा गावठी आहे, मी कसा बोलू?" असं मुलं विचारतात. अरे, गाडगेबाबा वऱ्हाडी बोलत आणि सगळा महाराष्ट्र ऐकत होता. आपल्या शेजारच्या आटपाडीकडच्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशची माणसं त्यांच्या बोलीसकट पुस्तकात आणली आणि मराठी साहित्य श्रीमंत केलं. आपली बोली ही आपल्या आजीची भाषा. तिची लाज कशाला? प्रसंग सांगताना आजीचं वाक्य आजीच्याच बोलीत येऊ द्या, ते जास्त गोड लागतं.

मात्र पुस्तकी मराठीही यायला हवी. सणाचे कपडे वेगळे आणि रोजचे वेगळे असतात ना, तसंच. उच्चारांसाठी रोज पाच मिनिटं या जोड्या मोठ्यानं म्हणा : मन-मण, काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, शाल-साल. घाई करायची नाही. तोंड नीट उघडायचं. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. आवाज घशातून ओढलात तर घसा बसेल. पोटातून श्वास घेऊन बोललात तर शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचेल.

सात दिवसांचा सराव

पहिल्या दिवशी विषयावर वाचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दुसऱ्या दिवशी जे सुचेल ते वहीत मांडा, शुद्धलेखनाची काळजी नंतर. तिसऱ्या दिवशी तीन मुद्दे ठेवा, बाकीचे खोडा. खोडताना जीवावर येईल, पण खोडा. चौथ्या दिवशी जुन्या वहीचा पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापा आणि त्यावर फक्त सहा-सात शब्द लिहा : मंडाले, पेन्सिल, सत्यभामाबाई, वाटेगाव, दीड दिवस, असे. हे शब्द म्हणजे तुमच्या वाटेवरचे मैलाचे दगड. पाचव्या दिवशी पुठ्ठा हातात धरून बोला. दर वेळी वाक्यं थोडी बदलतील. बदलू द्या! वाक्य पाठ केलं आणि एक शब्द निसटला, तर सगळी माळ तुटते. मुद्दे पाठ असले तर माळ तुटत नाही. सहाव्या दिवशी घड्याळ लावून बोला. आईचा मोबाईल मागून आवाज ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. "म्हणजे", "तर", "आणि मग" किती वेळा आलं ते मोजा. सातव्या दिवशी घरातल्या चार माणसांपुढं बोला. माणसं कामात असतील, तर शेळ्या-गुरांपुढं बोला. ती मध्ये-मध्ये टोकत तरी नाहीत!

प्रत्यक्ष बोलताना माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवा. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकू नका. एकदा डावीकडं, एकदा मध्ये, एकदा उजवीकडं बघत बोला. हात मोकळे सोडा, ते त्यांचं काम बरोबर करतात. आणि विसरलात तर? जीभ चावू नका, डोकं खाजवू नका. शेवटचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, पुठ्ठ्यावर नजर टाका आणि पुढच्या मुद्द्यावर जा. मधलं काय राहिलं, ते तुम्ही सोडून जगात कुणालाच माहीत नसतं.

ऐकणाऱ्यांसाठी

वक्ता जसा शिकावा लागतो, तसा श्रोताही. कुणी अडखळलं तर हसायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. तुमच्या एका हसण्यानं एखादं तोंड पंधरा दिवस मिटतं. कधी कधी ते जन्मभर मिटतं. टाळी मात्र मोकळ्या मनानं वाजवा, ती फुकट असते.

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, मुलाचं भाषण तुम्ही लिहून देऊ नका. तुम्ही लिहिलेलं नक्कीच सुबक असेल, पण दुसऱ्याचा सदरा अंगावर लोंबतो. त्यापेक्षा प्रश्न विचारा : "तुला यातलं काय आवडलं? का आवडलं?" आणि तो सांगत असताना ऐका, मध्येच दुरुस्त करू नका. घरात पाहुणे आले की "म्हणून दाखव रे ते भाषण" असा हुकूम सोडून लाजणाऱ्या मुलाला कोपऱ्यात गाठू नका. नंबर आला नाही म्हणून वाटेत बोलणी ऐकवू नका. जे मूल सगळ्यांपुढं उभं राहिलं, त्यानं त्या दिवसापुरती आपली लढाई जिंकलेली असते. आणि मुलगी असली तर तिला "पोरीच्या जातीनं इतकं बोलू नये" असं तर कधीच म्हणू नका.

जमेल तेव्हा मुलांना चांगली व्याख्यानं ऐकायला न्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती भरवणाऱ्या संस्थेचं नावच बघा किती बोलकं आहे : वक्तृत्वोत्तेजक सभा! आपल्या शेजारच्या फलटणला मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या शिवाजीराव भोसले यांनी व्याख्यानांसाठी सगळा महाराष्ट्र पालथा घातला. त्यांचं बोलणं शांत, पण ऐकणारा जागचा हलत नसे. आरडाओरडा म्हणजे वक्तृत्व नव्हे, हे मुलांना अशी व्याख्यानं ऐकूनच कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

विषय : 'आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस'. आजी असो, आजोबा असोत, नाहीतर शेजारचे तात्या. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या लहानपणीचा एकच प्रसंग विचारा. पुठ्ठ्यावर पाच शब्द लिहा आणि येत्या शनिवारी वर्गात दोन मिनिटं बोला. या विषयावर कुठल्याही पुस्तकात भाषण सापडणार नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही. कारण तुमची आजी फक्त तुमच्याच घरात आहे!

पुढच्या अंकात बघू या, वर्गात प्रश्न कसा विचारावा. तोवर बोलत राहा, आणि हो, ऐकतही राहा.

तुमच्या बाई,
माळशिरस